बराकीतला दिवा



शिपायाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तलवार, तोफ, घोडा आणि किल्ल्याचा बुरूज उभा राहतो. बखरकारांनी आणि कवींनी आपल्याला तशी सवयच लावली आहे. परंतु थोडा हिशेब केला तर असे दिसते की, शिपायाच्या आयुष्यात लढाईचे दिवस मोजके असतात. उरलेले सगळे दिवस आणि जवळजवळ सगळ्या रात्री तो चार भिंतींच्या आत काढतो. तेथे त्याला झोप लागते की नाही, तो काय वाचतो, कोणाशी भांडतो, केव्हा उदास होतो, याची नोंद कोणी बखरीत करीत नाही. आज आम्ही त्या चार भिंतींत लागणाऱ्या दिव्याविषयी बोलणार आहोत.

विषय प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. दिवा तो दिवा. लागला की दिसते, विझला की दिसत नाही. यात इतिहास कसला, असे कोणी विचारील. सैन्याचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनाही शतकानुशतके असेच वाटत आले. दिवा म्हणजे तेलाच्या किंवा चरबीच्या खर्चाची एक बाब, यापलीकडे त्याची किंमत त्यांच्या लेखी नव्हती. ही समजूत तीन वेळा चुकीची ठरली, आणि प्रत्येक वेळी चुकीचा भुर्दंड शिपायाने भरला. त्या तीन प्रसंगांची हकीकत आम्ही सांगणार आहोत.

पहिला प्रसंग इंग्लंडमधला. तेथे गॅसची कंपनी १८१२ साली स्थापन झाली आणि थोड्याच वर्षांत लंडनच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे आले. पण त्या रस्त्यांवरून कवाईत करीत जाणारा शिपाई संध्याकाळी बराकीत परतला, की त्याच्या वाट्याला काय येई? चरबीत बुडवून केलेल्या दोन-चार बत्त्या. एका खोलीत दहावीस माणसे, तेथेच झोपणे, तेथेच जेवणे, आणि उजेड म्हणावा तर इतकाच. आजच्या मापाने हा उजेड किती होतो ते पाहण्यासारखे आहे. एका मेणबत्तीचा एक मीटर अंतरावर जो उजेड पडतो त्याला स्थूलमानाने एक लक्स म्हणतात. अंतर तिप्पट झाले की उजेड नवव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे दोन बत्त्यांपासून तीन मीटरवर बसलेल्या शिपायाला सुमारे पाव लक्स उजेड मिळे. पौर्णिमेच्या चांदण्यात साधारण तेवढाच उजेड असतो. चांदण्यात फिरायला बरे वाटते. पण चांदण्यात घरचे पत्र वाचून पाहावे, म्हणजे त्या शिपायाची संध्याकाळ कशी जात असेल हे कळेल.

अशा खोलीत माणूस काय करणार? वाचता येत नाही, लिहिता येत नाही, फाटका सदरा शिवता येत नाही. उरली विडी आणि दारू. बराकीबाहेर गुत्त्यात उजेड होता, शेकोटी होती, माणसांचा गलबला होता. शिपाई तिकडे गेला तर नवल नव्हते. अधिकारी मात्र त्याचा अर्थ निराळा लावीत. शिपाई हा जातीनेच व्यसनी, त्याच्या हातात पैसा दिला की तो पिऊन उडवणार, हे जणू सिद्धच झाले होते. दिवा देऊन पाहण्याचे कोणाच्या मनात आले नाही, कारण बत्तीचा खर्च वहीत दिसत होता आणि गुत्त्यात बरबाद होणारा माणूस वहीत दिसत नव्हता.

ही समजूत मोडण्याचे काम एका बाईने केले, आणि योगायोग असा की जगाला ती दिव्यामुळेच ठाऊक आहे. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या इस्पितळात रात्री हातात दिवा घेऊन रुग्णांमधून फिरणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेली आहे. चित्रकारांनी तिच्या हाती कधी ग्रीक धाटणीची दिवली दिली, कधी काचेचा कंदील; प्रत्यक्षात तो घडी पडणारा कापडी तुर्की कंदील होता आणि आत एक मेणबत्ती असे. पण त्या दिव्याच्या झगमगाटात तिने मागितलेला दुसरा दिवा आपण विसरलो. १८५५ च्या उत्तरार्धात तिने स्कुटारीस बऱ्या होत असलेल्या शिपायांसाठी एक कॉफीघर उघडवले. त्यात बसायला जागा होती आणि वाचनाची सोय होती. घरी पैसे पाठवण्याची व्यवस्था तिने आधी स्वतः चालवली व मग सरकारकडून करवून घेतली. हे शिपाई पैसे पाठवणार नाहीत, पिऊन टाकतील, असे वरिष्ठांचे मत होते. सहा महिन्यांच्या आत ७१ हजार पौंड इंग्लंडला गेले. तेच शिपाई, तोच पगार. बदल झाला होता तो त्यांच्या संध्याकाळीत.

युद्ध संपल्यावर १८५७ साली सिडने हर्बर्ट यांच्या अध्यक्षतेखाली सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणारा शाही आयोग बसला आणि पुढल्या वर्षी त्याचा अहवाल आला. त्याने इंग्लंड हादरले. शांततेच्या काळात, स्वदेशात, निवडून घेतलेले धडधाकट तरुण शिपाई त्याच वयाच्या सामान्य नागरिकांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात मरत होते. शत्रूची गोळी नाही, परदेशची हवा नाही; मारत होती ती बराक. कोंदट हवा, दाटी, घाण गटारे आणि त्यातून होणारा क्षय. डॉ. जॉन सदरलँड आणि कॅप्टन डग्लस गाल्टन ज्या बराक सुधारणा आयोगात होते, त्याचा अहवाल १८६१ साली निघाला. खिडक्या, वायुवीजन, पाणी, स्वयंपाकघर यांच्याबरोबरच बराकीत गॅसचा दिवा आला. हर्बर्ट त्याच वर्षी वारले. त्यांच्या कामाचा आढावा घेताना नाइटिंगेल यांनी गॅसच्या दिव्याचा मुद्दाम उल्लेख केला. पूर्वीच्या दोन बत्त्यांच्या उजेडात ओढत बसण्यापलीकडे शिपायाला दुसरा कोणताही उद्योग शक्यच नव्हता, असा त्यांचा अभिप्राय होता.

येथे आम्ही एक सावधगिरीची सूचना देतो. पुढे सैन्यातले मृत्यूचे प्रमाण उतरले, पण त्याचे श्रेय दिव्याला देणे चुकीचे होईल. ते श्रेय हवेला, पाण्याला आणि गटारांना आहे. गॅसच्या ज्योतीने तर उलट खोलीतली हवा तापते व बिघडते, म्हणून दिव्याबरोबर झरोकाही द्यावा लागतो. दिव्याने जे केले ते मृत्यूच्या तक्त्यात मावणारे नव्हते. त्याने शिपायाला संध्याकाळ दिली. दिवसभर हुकमाप्रमाणे चालणाऱ्या माणसाला स्वतःचे असे दोन तास मिळाले, आणि त्यात तो अक्षरे गिरवू शकला. सुधारणेच्या इतिहासात ही गोष्ट लहान नाही. आपणही दिवसाचे काम आटोपून, दिव्याखाली बसूनच ही व्याख्याने ऐकत आहोत.

आता दुसरा प्रसंग. दिवा मिळाला, विजेचा दिवा आला, बटण दाबताच लख्ख उजेड पडू लागला. तेव्हा असे ध्यानात आले की काही शिपायांना हाच उजेड घातक आहे. उजेडाच्या खोलीतून अंगणात आले की क्षणभर काही दिसत नाही, हा आपला रोजचा अनुभव. हळूहळू नजर बसते. ही नजर पूर्ण बसायला अर्धा तास किंवा अधिक लागतो, आणि प्रखर उजेडाच्या एका झोताने ती मोडते. याचे कारण एकोणिसाव्या शतकात उलगडत गेले. डोळ्याच्या पडद्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी उजेडात काम करतात व रंग ओळखतात. दांड्याच्या आकाराच्या पेशी अंधारात काम करतात, पण रंग ओळखत नाहीत. १८७६ साली फ्रान्झ बोल या शास्त्रज्ञाने बेडकाच्या डोळ्यात पाहिले की, अंधारात ठेवलेल्या पडद्यावर लालसर रंग असतो आणि उजेड पडताच तो फिका पडतो. हेच ते द्रव्य, जे अंधारात साठते आणि उजेडात खर्च होते. ते साठायला वेळ लागतो, म्हणून नजर बसायला वेळ लागतो.

दुसऱ्या महायुद्धात या ज्ञानाला प्राणांचे मोल आले. रात्रीच्या अंधारात उड्डाण करणारा वैमानिक लख्ख खोलीत बसून बोलावण्याची वाट पाहत असेल, तर विमानात चढल्यावर पहिली वीसपंचवीस मिनिटे तो अर्धा आंधळाच. पाणबुडीच्या कप्तानाची तीच गत. खाली दिव्यात उभा असलेला माणूस रात्री वर आला, तर समोरचे जहाज त्याला दिसण्याआधी तोच जहाजाला दिसायचा. उपाय असा निघाला की दांड्याच्या पेशींना गडद लाल रंग जवळजवळ जाणवत नाही. म्हणून लाल दिव्यात बसावे, किंवा लाल काचांचा चष्मा घालावा. शंकूच्या पेशींना वाचण्यापुरता उजेड मिळतो आणि अंधाराची पुंजी शाबूत राहते. वैमानिकांच्या प्रतीक्षागृहात लाल चष्मे आले, पाणबुड्यांच्या नियंत्रणकक्षात लाल दिवे आले. ब्रिटनमध्ये त्याच सुमारास वैमानिक गाजरे खाऊन अंधारात पाहतात अशी बातमी पसरवण्यात आली. खरे कारण विमानात बसवलेले रडार होते आणि ते झाकायचे होते. पण या कहाणीला थोडा आधार होता. ‘अ’ जीवनसत्त्व नसेल तर डोळ्यातले हे द्रव्य तयार होत नाही आणि रातांधळेपण येते, हे तोवर सिद्ध झाले होते.

लाल दिव्याचा उपाय अचूक होता, पण तो डोळ्याच्या एकाच कामापुरता अचूक होता. लाल उजेडात नकाशावरच्या लाल रेघा दिसत नाहीत. रंगांच्या खुणा केलेल्या नळ्या आणि कळा सारख्याच दिसू लागतात. तासन् तास त्या रंगात बसणारी माणसे डोळे थकल्याची तक्रार करू लागली. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या ग्रोटन येथील वैद्यकीय प्रयोगशाळेत तुलना झाली, तेव्हा असे दिसले की अगदी मंद केलेला पांढरा दिवा बहुतेक कामांना पुरतो आणि माणसांनाही तो अधिक मानवतो. मग पाणबुड्यांत मंद पांढरे दिवे येऊ लागले. चाळीस वर्षे माणसे लाल उजेडात बसली, कारण दिव्याची परीक्षा शत्रूचे जहाज दिसते की नाही एवढ्यावरच झाली होती. खाली बसून नकाशा वाचणाऱ्याला फारसे कोणी विचारले नव्हते.

तिसरा प्रसंग आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याची सुरुवात जमिनीखाली होते. पहिल्या महायुद्धाने पोळलेल्या फ्रान्सने १९३० च्या सुमारास जर्मन सरहद्दीवर मॅजिनो तटबंदी बांधायला घेतली. तिचे मोठे दुर्ग म्हणजे जमिनीच्या पोटात वसवलेली गावेच होती. कोठ्या, इस्पितळ, स्वयंपाकघर, दारूगोळ्यासाठी विजेवर चालणारी आगगाडी, आणि सगळ्याला पुरेल एवढी वीज तयार करणारी यंत्रे. १९३९ च्या शरदात युद्ध पुकारले गेले आणि लढाई मात्र सुरू होईना. महिनेच्या महिने हजारो माणसे त्या काँक्रीटच्या पोटात वाट पाहत बसली. ओल होती, यंत्रांचा आवाज होता, आणि दिवस-रात्र सारखाच पिवळा उजेड. माणसे कोमेजू लागली. तेव्हा काही दुर्गांत अतिनील किरणांचे दिवे बसवले गेले. शिपाई उघड्या अंगाने, डोळ्यांवर काळे चष्मे लावून त्या दिव्यांभोवती उभे आहेत, अशी छायाचित्रे त्या काळी प्रसिद्ध झाली.

या चित्रात एक विलक्षण गोष्ट आहे. वैद्यांचे निदान अर्धे बरोबर होते. माणूस सूर्यावाचून खंगतो हे त्यांनी ओळखले. पण सूर्य माणसाला कातडीतून मिळतो असे त्यांना वाटत होते, कारण मुडदुसावर त्या किरणांचा गुण आलेला नुकताच सर्वांनी पाहिला होता. म्हणून त्यांनी कातडीला सूर्य दिला आणि डोळे झाकले. ते किरण डोळ्यांना अपायकारक असल्यामुळे झाकणे भागच होते. मनाचा सूर्य डोळ्यांच्या वाटेने आत जातो, ही गोष्ट कळायला आणखी साठ वर्षे जायची होती.

ती गोष्ट कशी कळली ते थोडक्यात सांगतो. १९३८ साली नथानियल क्लाइटमन हे निद्रेचे अभ्यासक आपल्या एका सहकाऱ्यासह अमेरिकेतल्या मॅमथ गुहेत महिनाभर राहिले. तेथे त्यांनी अठ्ठावीस तासांचा कृत्रिम दिवस पाळून पाहिला. तरुण सहकाऱ्याचे शरीर त्या दिवसाला बरेचसे रुळले. क्लाइटमन यांचे शरीर चोवीस तासांचा हट्ट सोडीना. शरीरात एक घड्याळ आहे आणि ते हुकमाने चालत नाही, असा त्याचा अर्थ. १९८० साली अमेरिकन संशोधकांनी दाखवले की रात्री प्रखर उजेड डोळ्यांवर पडला, की झोपेशी संबंधित असलेला मेलॅटोनिन हा स्राव माणसात दबतो. १९८४ साली हिवाळ्याच्या अंधारात येणारी उदासीनता हा एक स्वतंत्र विकार म्हणून वर्णिला गेला आणि प्रखर उजेडाने त्यावर उपचार झाले. १९९५ साली काही पूर्णपणे अंध व्यक्तींच्या बाबतीत असे दिसले की, त्यांना काहीही दिसत नसतानाही डोळ्यांवर उजेड टाकला तर त्यांचा हा स्राव दबतो. म्हणजे डोळ्यात पाहण्याखेरीज दुसरे काही काम चालते. ते काम करणाऱ्या पेशी २००२ साली सापडल्या. त्या निळसर उजेडाला अधिक प्रतिसाद देतात आणि चित्र न बनवता मेंदूला एवढेच कळवतात, की बाहेर दिवस आहे.

हे कळल्यावर बराकीतल्या दिव्याचा अर्थच बदलला. भर दुपारी उघड्यावर एक लाख लक्स उजेड असतो, ढगाळ दिवशीही बऱ्याच वेळा दहा हजारांच्या आसपास असतो. आपल्या घरातल्या दिव्याचा उजेड शेदोनशे. डोळ्याला वाचायला तो भरपूर पुरतो, म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही. शरीराच्या घड्याळाला मात्र दिवसा तो अंधुक वाटतो. आणि तोच उजेड मध्यरात्री मिळाला तर त्याला शंका येते की अजून दिवस मावळलाच नाही. जमिनीखालचा किंवा पाण्याखालचा शिपाई या दोन्ही चुकांमध्ये सापडतो. त्याला दिवसा दिवस मिळत नाही आणि रात्री रात्र मिळत नाही.

अमेरिकन अणुपाणबुड्यांनी तर यावर कडी केली. तेथे अनेक दशके अठरा तासांचा दिवस चालू होता. सहा तास पहारा, बारा तास इतर कामे व विश्रांती, की पुन्हा पहारा. कागदावर हिशेब सुरेख बसत होता. पण माणसाचे घड्याळ अठरा तासांत फिरत नाही. परिणामी खलाशी कधी आपल्या शरीराच्या दुपारी पहाऱ्यावर असे, तर कधी मध्यरात्री. २०१४ च्या सुमारास चोवीस तासांच्या दिवसाकडे परत वळण्यास सुरुवात झाली. पाण्यावरच्या जहाजांना मात्र आणखी किंमत मोजावी लागली. २०१७ च्या जून महिन्यात फिट्झजेराल्ड आणि ऑगस्टमध्ये जॉन मॅकेन या अमेरिकन युद्धनौकांच्या मालवाहू जहाजांशी टकरी झाल्या. पहिल्या टकरीत सात आणि दुसरीत दहा खलाशी गेले. ना युद्ध, ना शत्रू. चौकशीत अनेक कारणे निघाली. शिक्षणात उणीव होती, देखरेख ढिली होती, कप्तानांचे निर्णय चुकले होते. त्यांतच एक कारण होते माणसांची साचलेली थकवण. अपघात दिव्यामुळे झाला असे आम्ही म्हणत नाही. पण त्यानंतर नौदलाने पहाऱ्याच्या पाळ्या शरीराच्या घड्याळाप्रमाणे लावण्याचा हुकूम काढला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

येथे कोणी शंका घेईल की, शिपायाला एवढे जपायचे तर तो लढणार कसा? काटक माणूस अंधारात, चिखलात, झोपेवाचून लढतो, हेच त्याचे शौर्य. शंका खरी आहे आणि शौर्यही खरे आहे. आमचे उत्तर एवढेच की, जे रणांगणावर टाळता येत नाही ते सोसणे म्हणजे शौर्य. जे छावणीत सहज टाळता येते ते सोसायला लावणे म्हणजे कारभाराची हेळसांड. नाइटिंगेलच्या काळातला शिपाई शत्रूपुढे शूर होता आणि बराकीत क्षयाने मरत होता. त्याच्या शौर्याचा उपयोग बराकीच्या भिंतींना काय होता?

या इतिहासातून आपण नागरिकांनी काय घ्यावे? आमच्या मते एक गोष्ट. दिवा देणाऱ्याला नेहमी दिव्याखालचे काम दिसते, माणूस उशिरा दिसतो. मुंबईच्या गिरण्यांत हे आपल्याच लोकांनी अनुभवले आहे. १९०५ च्या सुमारास तेथे विजेचे दिवे आले, तेव्हा कामगाराची सोय झाली असे कोणाला वाटेल. झाले असे की, पूर्वी सूर्य मावळला की सुटणारा माणूस आता चौदा-पंधरा तास साच्यावर उभा राहू लागला. दिव्याने त्याची संध्याकाळ हिरावून घेतली. असंतोष पेटला, चौकशा झाल्या आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांच्या कामावर बारा तासांची मर्यादा आली. इंग्लंडच्या बराकीत दिव्याने शिपायाला संध्याकाळ दिली. मुंबईत दिव्यानेच कामगाराची संध्याकाळ नेली. दिवा दोन्हीकडे सारखाच होता. तो कोणाच्या सोयीसाठी लावला, एवढाच फरक होता.

आज आपल्या शहरांतही रात्रपाळीचे शिपाई आहेत. इस्पितळातल्या परिचारिका, कारखान्यातले कामगार, नाक्यावरचे पोलीस, परदेशी घड्याळाप्रमाणे कचेऱ्यांत बसणारी तरुण मुले. त्यांना उजेडाची वाण नाही. वाण असेल तर अंधाराची. सकाळी कामावरून आलेल्या माणसाच्या खोलीला जाड पडदा असावा, त्याच्या दाराशी कोणी घंटा वाजवू नये, त्याची पाळी दर आठवड्याला उलटीसुलटी करू नये, या साध्या गोष्टी आहेत. दीडशे वर्षांपूर्वी बराकीसाठी दिवा मागणे जसे साधे होते तसेच हेही आहे.

तेव्हा शिपायाला बत्ती देताना खर्च किती, असे विचारले जात होते. आता त्याला आणि आपल्या रात्रपाळीच्या माणसांना काळोख व झोप देताना तोच प्रश्न विचारला जाईल. त्या वेळी वहीत न दिसणारा माणूस आपल्याला आठवावा, एवढ्यासाठीच आम्ही आज बराकीतल्या दिव्याची ही हकीकत सांगितली.